बार्नी मॅककेना: आयर्लंडच्या बँजोला सूर लावून गेलेला माणूस

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. मुंबईत किंवा कोकणात बँजो म्हटलं की लोकांना ते बटणं दाबून वाजवायचं वाद्य आठवतं, गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीला मोठ्ठे स्पीकर लावून वाजतं ते, बँजो पार्टी म्हणतो आपण. ते मुळात बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो नावाच्या वाद्यात आहे. आज ज्या बँजोबद्दल लिहितोय तो वेगळा. डफाला गिटारचा दांडा जोडून वर तारा ताणल्या तर जे होईल ते, म्हणजे गोल चौकट, त्यावर ताणलेलं कातडं (आता बहुतेक प्लॅस्टिक), कातड्यावर उभी केलेली घोडी आणि घोडीवरून गेलेल्या तारा. कातड्यामुळे आवाज एकदम ठसठशीत निघतो आणि लगेच मरतो. हे लगेच मरणं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच बरंच काही अवलंबून आहे.

आता मुद्दा. आज जगात कुठेही आयरिश पबमध्ये लोक गोल करून पारंपरिक चाली वाजवत बसलेले असतील, ज्याला ते सेशन म्हणतात, आणि त्यात कोणाच्या हातात बँजो असेल, तर तो जवळजवळ नक्की चार तारांचा असणार आणि त्या तारा जी-डी-ए-ई (ही पाश्चात्त्य सुरांची नावं) अशा लावलेल्या असणार. डब्लिन असो, न्यूयॉर्क असो नाहीतर टोकियो. दुकानात 'आयरिश टेनर बँजो' म्हणून जे विकायला असतं ते पण हेच. हे कोणी ठरवलं? कुठल्या समितीने नाही, कुठल्या म्युझिक कॉलेजने नाही. मिक मोलोनी नावाचा लिमरिकचा एक मोठा बँजोवादक आणि अभ्यासक होता, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवायचा, २०२२ मध्ये गेला, त्याचं म्हणणं असं की हे एकट्या बार्नी मॅककेनाचं, म्हणजे द डब्लिनर्स या आयरिश ग्रुपच्या बँजोवादकाचं काम. एकट्याचं म्हणणं मला थोडं जास्त वाटतं, का ते पुढे येईलच, पण दुसरं एखादं नाव घ्यायला गेलं तर सापडत नाही हेही तितकंच खरं.

बार्नीचा जन्म १६ डिसेंबर १९३९ चा, डब्लिनच्या उत्तर भागातल्या डॉनीकार्नीचा. त्याला खरं तर मँडोलिन पाहिजे होतं. पैसे नव्हते म्हणून बँजोवर भागवलं. आता मँडोलिन परवडत नाही आणि बँजो परवडतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचं कारण त्या वाद्याच्या इतिहासात आहे, तिथे जरा वळसा घालून जाऊ.

बँजो मुळात आफ्रिकेचा. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडं ताणून बनवलेली तंतुवाद्यं आहेत, ज्यांना गुलाम करून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलं ते लोक ही कला डोक्यात घेऊन गेले आणि तिकडे गेल्यावर मिळेल त्या सामानातून वाद्य परत उभं केलं. मग एकोणिसाव्या शतकात गोऱ्या लोकांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे मिन्स्ट्रेल शो काढले (हा भाग लाजिरवाणाच आहे, पण वगळून चालत नाही), त्यात बँजो स्टेजवर आला, आणि असल्याच मंडळ्यांबरोबर १८४० च्या दशकात समुद्र ओलांडून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पोचला. म्हणजे आज जे वाद्य आपण डोळे झाकून 'आयरिश' म्हणतो ते तिथे जाऊन दोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

तेव्हाच्या बँजोला पाचवी एक आखूड तार रूढ झाली, अंगठ्याने वाजवायची, सतत एकच सूर देणारी. अमेरिकेत ब्लूग्रास संगीतात बोटांत नख्या घालून तडतड वाजवतात तो हा पाच तारांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाचाच्या बँडना काहीतरी मोठ्या आवाजाचं पाहिजे होतं, माइक नव्हते ना, मग ती पाचवी तार काढून टाकली, दांडा आखूड केला, बोटांऐवजी पिकने वाजवायला घेतलं, आणि टेनर बँजो तयार झाला. टँगोच्या नादात आधी खपला, मग जॅझमध्ये. १९२० चं दशक हे त्याचं सोन्याचं दशक. पण काम काय, तर ताल धरायचा, मागे बसून कॉर्ड वाजवायच्या, झँग-झँग-झँग. चाल वाजवायची ती ट्रम्पेटने. मग माइक आले, गिटार आली, इलेक्ट्रिक गिटार आली आणि बँडवाल्यांनी बँजो टाकून दिले. फॅशन गेलेल्या वाद्याला भाव कुठला, त्यामुळे गरिबाच्या पोराच्या हातात मँडोलिनच्या आधी बँजो येऊ शकतो, हे तिथे अगदी बसतं.

आयर्लंडमध्येही टेनर बँजो होताच. केइली बँड म्हणजे आयरिश लोकनृत्याला साथ करणारे बँड, त्यांच्यात तो असायचा, हॉल भरून आवाज पाहिजे म्हणून. १९३५ मध्ये तिथे कायदा झाला की परवाना असलेल्या हॉलशिवाय सार्वजनिक नाच करायचा नाही, त्यामुळे घरातले आणि चौकातले नाच बंद पडत गेले आणि हॉल आणि बँड वाढले. आणि बँजोवर चाल वाजवणारे बार्नीच्या आधी नव्हतेच असंही नाही. वॉटरफर्डहून अमेरिकेत गेलेले फ्लॅनगन बंधू, त्यातला माइक फ्लॅनगन, याने न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकात तबकड्या काढल्यात त्यात टेनर बँजोवर चक्क चाल वाजवलीय, ऐकायला झकास आहे. म्हणून मी म्हटलं, एकट्याने केलं म्हणणं जास्त होतं. पण माइक फ्लॅनगनमुळे पुढे सगळे एकाच पद्धतीने बँजो लावायला लागले असं काही झालं नाही. प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावत होता.

आता ट्यूनिंग. हा लेखाचा अवघड भाग आहे पण आपल्याकडच्या माणसाला खरं तर सोपा पडेल. टेनर बँजो जॅझवाल्यांनी सी-जी-डी-ए असा लावला होता. प्रत्येक तार आधीच्या तारेपासून पंचमावर, म्हणजे एक तार सा धरली की पुढची तिचा प, मग त्या प ला सा धरा की पुढची त्याचा प, अशा चार तारा. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, तेही याच हिशोबाने लावतात पण सूर जी-डी-ए-ई. (आपल्याकडे शास्त्रीय संगीतात व्हायोलिन वेगळं लावतात ते सोडा, इथे पाश्चात्त्य पद्धतीचं बोलतोय.) मँडोलिनही जी-डी-ए-ई, अगदी फिडलच्याच उंचीवर. बार्नीने बँजोच्या तारा जी-डी-ए-ई लावल्या, फक्त फिडलच्या बरोब्बर एक सप्तक खाली.

मग झालं काय? तर आयरिश चाली या बहुतेक फिडल, बासरी आणि तिथल्या पाइप्सवर (मशकबाजाच्या जातीचं वाद्य) घडलेल्या आहेत, डी आणि जी या पट्ट्यांत भरपूर. फिडलवाल्याच्या बोटांना त्या पाठ असतात, कुठल्या तारेवर कितवं बोट हे ठरलेलं. सी-जी-डी-ए लावलेल्या बँजोवर तीच चाल त्याच पट्टीत वाजवायची तर सगळं एक तार सरकतं, फिडलवाल्याची मोकळी तार तुमच्याकडे भलतीकडेच असते, वाजवता येतं पण फिडलवाल्याच्या समोर बसून बोटं बघत चाल उचलता येत नाही. जी-डी-ए-ई लावला की तीच तार आणि त्याच क्रमाने सूर. पारंपरिक संगीत कागदावरून कमी आणि समोर बसूनच जास्त शिकलं जातं, त्यामुळे ही सोय छोटी नाही. शेकडो चालींचं फिडलवाल्यांचं भांडार एका झटक्यात बँजोवाल्याला खुलं झालं.

यात मँडोलिनचा धागा मला फार आवडतो. पाहिजे होतं मँडोलिन, मिळाला बँजो, आणि त्याने तो बँजो लावला कसा, तर मँडोलिनसारखा. मुद्दाम क्रांती वगैरे करायला बसला असेल असं मला अजिबात वाटत नाही, हातात जे नव्हतं ते हातात असलेल्यातून काढायचा प्रकार असावा, हा आपला माझा अंदाज.

पण नुसती बोटांची सोय एवढंच नाही, आवाज पण बदलला. सूर खाली आले, तारा जाड आल्या, जॅझ बँजोची ती कर्कश टणटण जाऊन जरा भरदार, लाकडी, थोडा घोगरा म्हणावा असा आवाज आला. आणि आयरिश संगीतात आपल्यासारखंच मुळात एकच धून असते, सगळे मिळून तीच धून वाजवतात, प्रत्येक जण आपापल्या हरकतींनी. त्यात फिडल वरच्या सप्तकात आणि बँजो तीच चाल खालच्या सप्तकात, दोघं एकमेकांच्या पायात न येता वाजतात. फिडल गातं आणि बँजो त्याला खालून कडा काढून देतो. हा जो आवाज आहे ना, तो पुढे लोकांच्या कानात 'आयरिश बँड' म्हणून बसला तो मुख्यतः बार्नी मॅककेना आणि जॉन शीहॅन या जोडीमुळे, त्यांच्याकडे येतोच.

किंमतही मोजावी लागते याची. फिडलचा दांडा छोटा, बोटं जवळजवळ पडतात. बार्नी १९ पडद्यांचा, म्हणजे फ्रेटचा बँजो वाजवायचा, तो लांब. बोटांची क्रमवारी फिडलची पण अंतर दीडपट-पावणेदोनपट, करंगळी ताणून सातव्या फ्रेटवर न्यायची आणि ते पण भन्नाट वेगात. म्हणून बरेच जण १७ फ्रेटचा आखूड बँजो घेतात, तो हाताला सोपा, पण १९ वाल्यांचं म्हणणं की तारांना ताण चांगला बसतो आणि खालचा जी नीट बोलतो. हा वाद सेशनवाल्यांमध्ये अजून चालूच आहे आणि मिटायचं काही चिन्ह नाही.

आता ते सूर लगेच मरण्याचं. फिडलवाला गज ओढत राहिला की सूर राहतो, बासरीवाल्याचा श्वास असेपर्यंत सूर राहतो. बँजोवर टण् झालं की संपलं, मींड नाही, लांबवणं नाही. मग लांब सुराच्या जागी करायचं काय? तिथे ट्रिपलेट येतात. एका सुराच्या जागेत पिकचे तीन झटके, खाली-वर-खाली, इतके चपळ की कानाला तो एक सूर किंचित फुटल्यासारखा वाटतो, र्र्र असा. कधी तिन्ही एकाच सुरावर, कधी तीन वेगळ्या सुरांवर. पाइपवाले आणि फिडलवाले जिथे गिरकी घेतात तिथे बँजोवाला ट्रिपलेट टाकतो. म्हणजे वाद्याचा जो दोष तोच त्याचा अलंकार झाला. बार्नीच्या ट्रिपलेटची खासियत अशी की ते घाईचे वाटत नाहीत. वेग भयानक असतो पण मनगट सैल, आणि ट्रिपलेट नेमका तालाच्या अशा जागी पडतो की नाचणाऱ्याचा पाय उचललाच गेला पाहिजे. नवशिके कसं, ट्रिपलेट येतो म्हणून दिसेल तिथे टाकत सुटतात, आणि मग ते शिवणयंत्र चालू केल्यासारखं होतं.

तर असा हा बार्नी. तरुणपणी लष्कराच्या बँडमध्ये जायचा प्रयत्न केला, नंबर एक आर्मी बँड, पण नजर कमजोर म्हणून घेतलं नाही. इकडचीतिकडची अंगमेहनतीची कामं केली आणि बँजो चालू ठेवला. डब्लिनमध्ये मेरियन रो नावाच्या रस्त्यावर ओडॉनह्यूज म्हणून पब आहे, अजून आहे, तिथे १९६० च्या सुमारास गाणारे-वाजवणारे जमायला लागले होते. तिथे रॉनी ड्रू होता, गळ्यात खडी भरल्यासारखा आवाज, स्पेनमध्ये राहून फ्लामेंको गिटार शिकून आलेला. ल्यूक केली होता, लाल कुरळे केस, आणि गाताना अंगावर काटा आणणारा गळा. कीरन बर्क होता, टिनची बासरी वाजवणारा आणि आयरिश भाषेत गाणारा. या चौघांचा १९६२ मध्ये ग्रुप झाला, नाव आधी रॉनी ड्रू बॅलड ग्रुप, रॉनीलाच ते आवडेना, मग ल्यूक केली त्यावेळी जेम्स जॉइसचं 'डब्लिनर्स' वाचत होता त्यावरून तेच नाव घेतलं, द डब्लिनर्स. फिडलवाला जॉन शीहॅन १९६४ मध्ये आला.

गंमत म्हणजे या ग्रुपमध्ये बँजो दोन होते. ल्यूक केली पाच तारांचा वाजवायचा, गाण्याला साथ म्हणून. आणि बार्नी चार तारांचा, चाल वाजवायला. दोन्ही जातींचे बँजो एकाच स्टेजवर, त्यामुळे कोणाला फरक समजून घ्यायचा असेल तर डब्लिनर्सची जुनी रेकॉर्डिंग्ज हा सगळ्यात सोपा धडा आहे. ल्यूकचा बँजो गाण्याच्या मागे झुळझुळत राहतो, बार्नीचा पुढे येऊन बोलतो.

हे पण समजून घ्यायला पाहिजे की तोपर्यंत आयर्लंडमध्ये लोकसंगीताची अवस्था काय होती. १९५१ मध्ये कोल्टस नावाची संस्था पारंपरिक संगीत टिकवायला निघाली होती, फ्ला म्हणून तिचे मेळावे भरतात अजून, पण शहरातल्या बऱ्याच तरुणांना हे सगळं गावठी, म्हाताऱ्यांचं, शाळेत जबरदस्तीने ऐकवलं जाणारं वाटायचं. तिकडे दाढ्या वाढवलेले, काळी बिअर पिणारे, कामगारांच्या बोलीत गाणारे हे लोक आले आणि म्हणाले हे आमच्या रस्त्याचं गाणं आहे. कडक सोवळ्यातल्या परंपरावाद्यांना ते फारसं रुचलं नसणार, आणि त्यांचं पूर्ण चूक होतं असंही नाही, डब्लिनर्सचं गाणं सुबक कधीच नव्हतं. पण बार्नीचं वाजवणं सोवळ्यातल्या माणसालाही नाकारता येत नव्हतं. दारूच्या गाण्यावर टाळ्या-शिट्ट्या झाल्या की मध्येच बार्नी एकटा बँजो घेऊन बसायचा आणि 'मेसन्स एप्रन' म्हणून एक जुनी रील आहे ती सोडायचा. रील म्हणजे चारच्या तालात आठ-आठ सुरांची धावती चाल, जिग म्हणजे तीन-तीनच्या गटात सहा, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारी. मेसन्स एप्रन ही रीलमधली कसरत समजतात, आणि ती बार्नीची ओळखच झाली.

१९६७ मध्ये 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' आलं आणि सगळं बदललं. गाणं जुनंच, एक दारुडा रोज रात्री घरी येतो आणि घरात दुसऱ्या पुरुषाच्या खुणा बघतो आणि बायको त्याला काहीतरी थाप मारून गप्प करते. नावात रात्री सात पण रेकॉर्डवर पाचच, कारण शेवटच्या दोन रात्री रेकॉर्ड करण्यासारख्या नव्हत्या. तरी आयर्लंडच्या सरकारी रेडिओने बंदी घातली. बंदी घातली की काय होतं ते सांगायला नको. समुद्रात जहाजावरून चालणारं रेडिओ कॅरोलाइन नावाचं बेकायदा स्टेशन होतं, त्यांनी ते सारखं वाजवलं (रेकॉर्ड कंपनीचा मालक आणि त्या स्टेशनचं साटंलोटं होतं, अगदीच निरागस मामला नव्हता) आणि गाणं ब्रिटनच्या चार्टवर सातव्या नंबरला गेलं. टॉप ऑफ द पॉप्स या टीव्ही कार्यक्रमात, पॉपस्टार लोकांच्या मधे, हे दाढीवाले.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. बँजोचं ट्यूनिंग पसरलं ते पुस्तकातून नाही, या गाण्यांमधून पसरलं. टीव्हीवर, रेकॉर्डवर, युरोपभर दौऱ्यांत, जर्मनीत आणि हॉलंडमध्ये तर यांना डोक्यावर घेतलं होतं, सगळीकडे लोकांनी आयरिश बँजो म्हणून जो पहिल्यांदा बघितला आणि ऐकला तो बार्नीचा. ज्या पोराला वाटलं की आपल्याला पण असं वाजवायचंय त्याने रेकॉर्ड लावून त्याच्याबरोबर वाजवायचा प्रयत्न केला, आणि रेकॉर्डशी जुळवायचं तर तारा बार्नीसारख्या लावाव्या लागणार, दुसरा उपायच नाही. माइक फ्लॅनगन चांगला वाजवायचा पण त्याच्या तबकड्या ऐकणारे कोण, तर अमेरिकेतले आयरिश आणि थोडे घरचे. बार्नीच्या मागे चार्टवरचं गाणं होतं. म्हणजे ज्या ट्यूनिंगला आज लोक परंपरा म्हणतात ते एका बंदी घातलेल्या दारूच्या गाण्याच्या पाठीवर बसून जगभर गेलं. शुद्ध परंपरा वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

पुढच्या पिढीत मग रांगच लागली. डी डॅनन या ग्रुपचा चार्ली पिगट, स्टॉकटन्स विंगचा कीरन हॅनरहन, टिपररीचा जेरी ओकॉनर, गॉलवेचा एंडा स्कॅहिल, अँजेलिना कार्बेरी. यातले सगळे बार्नीसारखे वाजवतात असं नाही, जेरी ओकॉनरचं वाजवणं तर फारच रेशमी आणि गुंतागुंतीचं आहे, बार्नी त्याच्यासमोर खडबडीत वाटेल. कार्बेरीचं वाजवणं ऐकलं तर उलट, घाई नाही, जुन्या घरगुती नाचाची चाल. पण उभे सगळे त्याच जी-डी-ए-ई वर. कोल्टसच्या स्पर्धांत बँजोचा वेगळा विभाग असतो. गॉलवे जिल्ह्यात क्लॅरिनब्रिजला टॉम कसन नावाचे कारागीर क्लॅरीन बँजो बनवतात, खास या संगीतासाठी. जे वाद्य दोन पिढ्यांपूर्वी बँडवाल्यांनी टाकून दिलेलं, ते आता मुद्दाम ऑर्डर देऊन बनवून घेतात.

बार्नी माणूस म्हणून कसा होता तर भोळा आणि बेरकी दोन्ही, असं त्याच्याबद्दलच्या गोष्टींवरून वाटतं. बोलता बोलता शब्दांची अशी काही उलटापालट करायचा की लोक पोट धरून हसायचे, आणि तो विनोद करतोय की खरंच तसं म्हणायचंय हे कळायचं नाही. बाकीचे त्याला 'बार्नीइझम' म्हणायचे, जॉन शीहॅन तर ते साठवून ठेवायचा आणि स्टेजवर सांगायचा. मेलोडियन म्हणजे पेटीच्या जातीचं छोटं वाद्य पण वाजवायचा. मँडोलिनही पुढे मिळालंच, शीहॅनबरोबर मँडोलिनची जुगलबंदी हा त्यांच्या कार्यक्रमातला ठरलेला तुकडा असायचा. गायचा कमी, पण समुद्राची, खलाशांची गाणी त्याची. राहायचा डब्लिनजवळ होथ नावाच्या मच्छीमार बंदरावर आणि मासेमारीचा नाद जबरदस्त.

ग्रुपला मात्र बरंच सोसावं लागलं. कीरन बर्क १९७४ मध्ये स्टेजवर कोसळला, मेंदूत रक्तस्राव, परत पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही, १९८८ मध्ये गेला. ल्यूक केली मेंदूतल्या गाठीने १९८४ च्या जानेवारीत गेला, अवघा ४३ वर्षांचा. तरी बँड चालत राहिला, १९८७ मध्ये पोग्जबरोबर, म्हणजे त्यावेळच्या पंक पोरांबरोबर 'द आयरिश रोव्हर' केलं आणि ते परत ब्रिटनच्या पहिल्या दहात, आठव्या नंबरला. आयरिश लोकसंगीत आणि पंक यांची जी खिचडी नंतर बोस्टनपासून बर्लिनपर्यंत शिजली, तिचा एक मोठा कढ इथला. रॉनी ड्रू २००८ मध्ये गेला. मग पहिल्या चौघांपैकी बार्नी एकटा राहिला.

२०१२ हे डब्लिनर्सचं पन्नासावं वर्ष. फेब्रुवारीत बीबीसीच्या लोकसंगीत पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव मिळाला. दौरा ठरलेला होता. ५ एप्रिलला सकाळी होथच्या घरी, स्वयंपाकघरात, बार्नी अचानक कोसळला आणि गेला. ७२ वर्षांचा होता. मीथ जिल्ह्यात ट्रिमला त्याला पुरलं. दौरा मात्र त्यांनी रद्द केला नाही, बार्नीच्या खुर्चीवर जेरी ओकॉनरला बसवून पूर्ण केला. म्हणजे बार्नीने लावून दिलेल्या सुरांवर शिकलेला माणूसच त्याच्या जागी बसला, आणि बँडला एकाही गाण्याची पट्टी बदलावी लागली नसणार. वर्षाअखेर शीहॅनने ठरवलं की आता डब्लिनर्स हे नाव थांबवायचं, उरलेले काही जण द डब्लिन लेजंड्स म्हणून वाजवत राहिले.

ल्यूक केलीचे डब्लिनमध्ये दोन पुतळे आहेत, २०१९ मध्ये एकाच दिवशी दोन्हींचं अनावरण झालं, आणि ते ठीकच आहे, तो गळाच तसा होता. गायक लोकांच्या लक्षात राहतो. वाजवणाऱ्याचं तसं नसतं, त्याचं नाव विसरून लोक त्याची पद्धत वापरत राहतात. आज एखाद्या पोराला त्याचा मास्तर सांगतो की बाबा तारा अशा लाव, आणि तो लावतो, त्याला बार्नी मॅककेना माहीत असेलच असं नाही.

ऐकायचं असेल तर सुरुवात गाण्यांपासून करू नका, गाण्यांत रॉनी आणि ल्यूक सगळं लक्ष खाऊन टाकतात. आधी मेसन्स एप्रनचं बार्नीचं कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग लावा. मग शीहॅनचं फिडल आणि बार्नीचा बँजो एकत्र असलेली एखादी रीलची जोडी, हेडफोन लावून, एकदा फक्त फिडल ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त बँजो. त्यानंतर माइक फ्लॅनगनची एखादी जुनी तबकडी आणि जेरी ओकॉनरचं काहीही, म्हणजे आधीचं आणि नंतरचं दोन्ही कानावर पडेल. आणि यूट्यूबवर स्पीड निम्मा करायची सोय असते ती वापरा बिनधास्त, पूर्ण वेगात ट्रिपलेट कुठे पडला ते पहिल्या ऐकण्यात सापडत नाही.